मूल येऊन सांगेल असे घर

(मंडळाच्या पालक-सभेत पालक समितीतर्फे केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय 'लहान मुलांची ऑनलाइन सुरक्षा' असा छापला गेला, तेव्हा काही ज्येष्ठांनी आम्हाला विचारले की, नागरी प्रश्न आणि राजकारण यांना वाहिलेल्या आपल्या पत्रिकेत हा विषय कशासाठी? हा तर शाळेचा विषय, फार तर ज्याच्या त्याच्या घरचा. शंका रास्त आहे, म्हणून तिचे उत्तर आधी देतो. कचरा हाही एके काळी ज्याच्या त्याच्या घरचाच विषय होता. २०१७ ते २०२३ या काळात आपले इंदूर स्वच्छ सर्वेक्षणात सलग सात वेळा पहिले आले, ते केवळ महापालिकेच्या गाड्यांच्या जोरावर नव्हे. ओला कचरा वेगळा आणि सुका कचरा वेगळा, ही सवय घराघरांत लागली म्हणून आले. आठवून पाहा, कितीतरी घरांत ही सवय मोठ्यांना लावली ती शाळेतून शिकून आलेल्या मुलांनी. म्हणजे घरची सवय आणि सार्वजनिक व्यवस्था या दोन्ही गोष्टी जुळल्या तेव्हा शहर बदलले. मुलांच्या बाबतीतही तसेच आहे, असे आमचे मत आहे.

आज आम्ही फक्त पहिली ते पाचवीच्या मुलांविषयी बोलणार आहोत. मोठ्या मुलांचे प्रश्न वेगळे आहेत, त्यांच्यासाठी वेगळी सभा घेऊ.

या वयाच्या मुलांच्या हाती मोबाइल आला कसा, हे आपण विसरलो आहोत. मार्च २०२० पर्यंत आपण सगळेच मुलांना सांगत होतो, 'मोबाइलला हात लावू नकोस.' मग शाळा बंद झाल्या. आपल्या राज्यात सरकारी शाळांचे धडे 'डिजीलेप' या योजनेतून व्हॉट्सॲपच्या गटांवर येऊ लागले, खाजगी शाळांचे वर्ग पडद्यावर भरू लागले, आणि आपण स्वतःच मुलांच्या हातात मोबाइल दिला. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने 'प्रज्ञाता' या नावाने मार्गदर्शक सूचना काढल्या. पहिली ते आठवीच्या मुलांचे ऑनलाइन वर्ग दिवसात दोनाहून अधिक नसावेत आणि प्रत्येक वर्ग तीस ते पंचेचाळीस मिनिटांचा असावा, असे त्यांत होते. पुढे शाळा उघडल्या, पण मोबाइल मुलांच्या हातातून परत आला नाही. त्यात मुलांचा काय दोष? द्यायचा निर्णय आपला होता. परत घ्यायचा निर्णय आपण कधी घेतलाच नाही.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. त्या कुटुंबाच्या परवानगीने सांगत आहोत, आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. जुन्या वस्तीतले एकत्र कुटुंब. तिसरीतला नातू दुपारी आजोबांच्या मोबाइलवर खेळत असे. घरातले सगळे निश्चिंत होते, कारण मुलगा डोळ्यांसमोर होता आणि खेळ साधाच दिसत होता. त्या खेळात एकमेकांशी बोलण्याची सोय होती. तिथे एक 'भैया' भेटला. त्याने आधी खेळातल्या वस्तू फुकट दिल्या. मग शाळा कुठली, हे विचारले. मग दुपारी घरी कोण असते, हे विचारले. मग फोटो मागितला आणि म्हणाला, 'किसी को बताना मत.' पंधरा-वीस दिवस हे चालले होते. लक्षात आले ते आजीच्या. मोबाइल वाजला की मुलगा दचकत होता, आणि कुणी जवळ आले की मोबाइल पालथा घालत होता. आजीने जवळ घेऊन विचारले तेव्हा तो रडला. 'आधी का नाही सांगितलंस?' या प्रश्नावर त्याने जे उत्तर दिले ते आजच्या भाषणाचे सार आहे. तो म्हणाला, 'सांगितलं असतं तर तुम्ही मोबाइल काढून घेतला असता आणि बाबा ओरडले असते.'

मंडळी, त्या माणसाला हे ठाऊक होते. मूल घरी सांगणार नाही, कारण घरी ओरडा बसेल, याच भरवशावर अशी माणसे काम करतात. मोबाइलमध्ये कितीही कुलपे घाला, मुलाला आपल्याच घरच्यांची भीती वाटत असेल तर ती कुलपे त्या परक्या माणसाच्या उपयोगी पडतात. जुलै २०२१ मध्ये आपल्याच राज्यात छतरपूर येथे तेरा वर्षांच्या एका मुलाने ऑनलाइन खेळात घरचे सुमारे चाळीस हजार रुपये गेल्यावर आपले जीवन संपवले. तो वयाने आपल्या मुलांपेक्षा मोठा होता. आम्ही त्या दुःखी घराला दोष देत नाही. पण चूक झाल्यावर घरी जाऊन सांगता येईल, हा विश्वास मुलाला सातवी-आठवीत एकाएकी येत नसतो. तो पहिली-दुसरीपासून घडवावा लागतो. म्हणून आमची पहिली विनंती अशी की, आजच घरी जाऊन मुलाला शांतपणे हे सांगा : 'मोबाइलवर काहीही झालं, तुझ्याकडून चूक झाली असली तरीसुद्धा, तू येऊन सांगितलंस म्हणून तुला शिक्षा होणार नाही.' आणि वेळ आली की हा शब्द पाळा. एकदा मोडला की मूल पुन्हा सांगणार नाही.

यात आपल्या जुन्या मराठी घरांची एक खास अडचण आहे, ती मोकळेपणाने मांडतो. आपल्या कित्येक पिढ्या इथे गेल्या, तरी घरात मराठी टिकली याचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो असायलाच हवा. पण आपली मुले शाळेत हिंदी बोलतात आणि मोबाइलवर इंग्रजी व हिंदी ऐकतात. त्यांना जो प्रसंग आला तो हिंदीत आलेला असतो. ते सांगायला मूल आजीजवळ येते, पहिले वाक्य हिंदीत बोलते, आणि आपण सवयीने म्हणतो, 'आधी नीट मराठीत बोल.' तेवढ्यात मुलाची हिंमत जाते. एरवी मराठीचा आग्रह अवश्य धरा, पण मूल घाबरून काही सांगत असेल तेव्हा व्याकरण सुधारू नका. ज्या भाषेत येईल त्या भाषेत ऐका.

दुसरी अडचण शब्दांचीच आहे. शरीराच्या अवयवांची नावे आपल्या घरांत उच्चारली जात नाहीत. मुलाला शब्दच दिला नसेल तर 'असा फोटो मागितला' हे ते सांगणार कसे? आई-वडिलांनी, किंवा आजीने, अंघोळ घालताना साधेपणाने नावे सांगावीत. आणि हेही सांगावे की जे भाग कपड्यांत झाकतो, त्यांचा फोटो कुणीही मागू नये, कुणाला देऊ नये, मागणारा ओळखीचा असला तरी.

आता आमच्या स्वतःच्या चुकांकडे वळतो, कारण दुसऱ्यांना सांगण्याआधी ते आवश्यक आहे. आपल्याच पत्रिकेत दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचे पान असते. त्यात मुलाचे पूर्ण नाव, फोटो, इयत्ता, शाळा, वडिलांचे नाव, वसाहत आणि कधी कधी मोबाइल क्रमांकही आपण छापत आलो. पूर्वी पत्रिका शे-दोनशे घरांत जायची. आता तिचा फोटो काढून कुणीतरी गटावर टाकतो आणि पान कुठल्या कुठे जाते. गणेशोत्सवात मुलांच्या स्पर्धा होतात, नात गणवेशात श्लोक म्हणते, आपण कौतुकाने ते चित्रण यूट्यूबवर चढवतो. पुण्याच्या आत्याला आणि अमेरिकेतल्या काकांना दिसावे, एवढाच आपला हेतू असतो. पण ते सर्वांना दिसते. गणवेशावरून शाळा कळते, मागच्या फाटकावरून घर कळते, आणि 'आज आमच्या बाळाचा आठवा वाढदिवस' या ओळीवरून जन्मतारीख कळते. त्या तिसरीतल्या मुलाला 'भैया'ने जे पंधरा दिवस विचारून घेतले, ते आपण एका दिवसात फुकट देतो. शिवाय आता साध्या फोटोवरून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने खोटी आणि घाणेरडी चित्रे तयार करता येतात, हे विसरून चालणार नाही. नातेवाइकांना दाखवायचे असेल तर त्यांनाच पाठवा, किंवा व्हिडिओ कॉलवर दाखवा.

प्रत्यक्ष काय करावे, ते आता थोडक्यात सांगतो. यासाठी संगणकाचे ज्ञान लागत नाही.

पहिले, मुलाचा स्वतःचा मोबाइल या वयात नकोच. व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम यांच्या स्वतःच्या नियमांप्रमाणेही खाते उघडण्यासाठी किमान तेरा वर्षे वय लागते. वय खोटे टाकून खाते काढून दिले, तर मुलाला आपणच पहिले खोटे शिकवले, असे होते.

दुसरे, घरातला जो मोबाइल मुलाच्या हाती जातो तो बहुधा आजोबांचा असतो, आणि त्याच मोबाइलवर पेन्शनचे खाते व यूपीआय असते. पिन मुलासमोर टाकू नका, आणि तो नातवाची जन्मतारीख तर नक्कीच नसावा. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारण्याची व्यवस्था आहे, ती चालू करा.

तिसरे, यूट्यूबऐवजी 'यूट्यूब किड्स' लावून द्या. गूगलचे 'फॅमिली लिंक' वापरले तर कुठले ॲप उघडायचे आणि किती वेळ, हे आई-वडिलांना ठरवता येते. हे करून घ्यायला घरातल्या कॉलेजच्या मुला-मुलींना बसवा. पण ही सोय लावली म्हणजे आपले काम संपले, असे समजू नका.

चौथे, मूल खेळते तो खेळ एकदा स्वतः त्याच्याजवळ बसून खेळा. दहा मिनिटे पुरतात. त्यात परक्यांशी बोलण्याची सोय आहे का, पैसे देऊन वस्तू घेता येतात का, हे लगेच दिसते. बोलण्याची सोय बंद करता येत असेल तर करा. येत नसेल तर तो खेळ काढून टाका, आणि का काढला ते मुलाला सांगा.

पाचवे, जागा आणि वेळ. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सची शिफारस अशी की, दोन वर्षांखाली पडदा अजिबात नको, दोन ते पाच वर्षांत दिवसाला एका तासाहून अधिक नको, आणि पाच ते दहा वर्षांत दोन तासांहून कमी असावा. मोबाइल बैठकीच्या खोलीत पाहावा. वर माडीवर, पांघरुणात किंवा न्हाणीघरात नाही.

आणि मुलाला तीन गोष्टी पाठ करून द्या, जसे पाढे देतो तसे. कुणी 'सांगू नकोस' म्हणाले, तर तीच गोष्ट आधी सांगायची. नाव, शाळा, घर आणि फोटो विचारल्याशिवाय द्यायचे नाहीत. पडद्यावर भीतीचे किंवा घाण काही दिसले तर मोबाइल तसाच ठेवून मोठ्यांना हाक मारायची.

तरीही काही घडलेच तर काय करायचे? पहिल्या मिनिटाला मुलावर ओरडायचे नाही. त्याला जवळ घ्यायचे. 'तू सांगितलंस ते बरं केलंस,' हे म्हणायचे. मग पुरावा जपायचा. संदेश रागाने पुसून टाकू नका, त्या माणसाशी स्वतः भांडत बसू नका. त्याचे नाव, क्रमांक, तारीख, वेळ यांची छायाचित्रे घ्या. मात्र मुलाचेच अश्लील चित्र असेल तर त्याची प्रत काढू नका आणि 'बघा काय झाले' म्हणून कुणालाही पुढे पाठवू नका. तोही गुन्हा होतो. मोबाइल तसाच पोलिसांना दाखवा. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करा. जितक्या लवकर कळेल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक. मुलांसंबंधीच्या तक्रारी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येतात. हे पोर्टल ऑगस्ट २०१९ पासून सुरू आहे, आणि मुलांच्या अश्लील चित्रांची तक्रार तिथे नाव न देताही करता येते. मुलाला मदत हवी असेल तर १०९८ हा क्रमांक आहे. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका उपक्रमातून त्याची सुरुवात झाली. तो आपल्या मुलांना तोंडपाठ असावा.

इथे 'घराण्याची अब्रू' हा मुद्दा येतो. 'गावभर होईल, मुलीचे नाव खराब होईल, राहू द्या.' आमची हात जोडून विनंती आहे की असे करू नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असून ती पोलिसांना न देणे हाच गुन्हा आहे. हा कायदा मुलांना आणि मुलींना सारखाच लागू आहे, आणि मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास त्यात मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात मुलांची अश्लील चित्रे बाळगण्याविषयीही कायद्याचा अर्थ कठोरपणे लावला आहे. अब्रू गेली असेल तर ती त्या परक्या माणसाची गेली. आपल्या मुलाची गेलेली नाही.

सरकार काय करते आहे, हेही पाहू. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांवर चालणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. पण पैसे लावायचे नसलेले आणि केवळ खेळातल्या वस्तू विकणारे खेळ त्या बंदीत येत नाहीत, हे पालकांनी लक्षात ठेवावे. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक केली आहे, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना उद्देशून जाहिराती दाखवण्यास मनाई केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांची समाजमाध्यमांवरील खातीच बंद केली. कायदे हवेतच. पण दुपारी तीन वाजता आजोबांच्या मोबाइलजवळ कायदा बसलेला नसतो. तिथे आपण असतो.

म्हणून आम्हाला ऑस्ट्रेलियापेक्षा सांगली जिल्ह्यातले एक गाव अधिक जवळचे वाटते. कडेगाव तालुक्यातले मोहित्यांचे वडगाव. करोनाच्या काळात मुलांच्या हाती मोबाइल आले, शाळा उघडल्यावर मुलांचे लक्ष लागेना, म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने ठराव केला. रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो. त्यानंतर साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यासाला बसायचे आणि मोठ्यांनीही पडदा पाहायचा नाही. आधी लोक हसले. मग ग्रामपंचायतीचे कर्मचारी, आशा व अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. या ठरावातली महत्त्वाची गोष्ट ही की बंधन मुलांपुरते नव्हते, मोठ्यांनीही ते स्वीकारले.

आपल्याला ही वेळ नवीन आहे का? दिवेलागणीची हीच वेळ. आपल्या घरांत या वेळी शुभंकरोती आणि परवचा होत असे, आणि मूल दिवसभरातले सगळे तेव्हाच सांगून टाकत असे. त्यासाठी वेगळे विचारावे लागत नव्हते. आज त्या वेळी आजोबा बातम्या पाहतात, आई गटावर उत्तरे देते, वडील कार्यालयाचे फोन घेतात. मुलाला सांगायचे असले तरी ऐकायला मोकळे कोण आहे?

शेवटी, समितीतर्फे आम्ही या सभेपुढे चार गोष्टी ठेवतो. एक, आपल्या पत्रिकेत आणि मंडळाच्या गटांवर यापुढे बारा वर्षांखालील मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय येऊ नयेत, आणि फोटोसोबत शाळा, पत्ता किंवा जन्मतारीख कधीच येऊ नये. दोन, इच्छुक घरांनी दिवेलागणीनंतरचा एक तास सर्वांचे मोबाइल बाजूला ठेवावेत, मोठ्यांचे आधी. तीन, फेब्रुवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेश पोलिसांनी 'सेफ क्लिक' ही सायबर जागृतीची मोहीम राबवली, तशी माहिती प्राथमिक शाळांच्या पालक-सभांत दर सत्राला द्यावी, असे निवेदन मंडळाने जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांना द्यावे. चार, महापालिकेची मागील निवडणूक जुलै २०२२ मध्ये झाली, पुढची २०२७ मध्ये अपेक्षित आहे. मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, आपण दोन प्रश्न विचारावेत. आमच्या वॉर्डात संध्याकाळी मुलांना खेळायला मोकळी जागा कुठे आहे? आणि तुमच्या प्रचाराच्या फोटोंत आमची मुले नसतील ना? निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्येच प्रचारात मुलांचा वापर करू नये, असे सर्व पक्षांना बजावले आहे. मैदान नसेल तर मूल पडद्याकडेच जाणार, हे नगरसेवकांना आपणच सांगितले पाहिजे.

तो तिसरीतला मुलगा आता बरा आहे. त्याच्या घरच्यांनी मोबाइल कायमचा काढून घेतला नाही. आजोबांनी वेळ ठरवून दिली आणि ते स्वतः शेजारी बसू लागले. परवा त्याने आपण होऊन आजीला सांगितले की, खेळात कुणीतरी नाव विचारत होते, मी दिले नाही. आजीने त्याला शाबासकी दिली आणि लाडू दिला. आपल्या प्रत्येक घरातल्या मुलाला असे येऊन सांगावेसे वाटो, एवढीच आमची इच्छा आहे.

 ठरावांवर आता चर्चा व्हावी.